फेरी, फराळ आणि टेप

श्रावणातला तिसरा सोमवार. हजारो नाशिककर आदल्या रात्रीच त्र्यंबकेश्वर गाठतात, कुशावर्तात डुबकी मारतात आणि ब्रह्मगिरीच्या फेरीला निघतात. लहान फेरी साधारण 20 किलोमीटरची, मोठी तिच्या दुप्पट, आणि कित्येक जण अनवाणी! त्यात सोमवारचा उपास. पोटात काय, तर भगर, साबुदाणा, राजगिरा, शेंगदाणे, बटाटे. यातल्या एकाही जिन्नसात मुळात ग्लूटेन नाही. भरपूर व्यायाम आणि ग्लूटेनविरहित आहार हे आजचं गाजलेलं समीकरण नाशिक जिल्हा पिढ्यानपिढ्या पाळत आलाय, फक्त वर्षातून एकदा.

एका फेरीने कंबर किती उतरते? 60 किलोच्या माणसाला 20 किलोमीटर चालायला ढोबळमानाने हजारेक कॅलरी लागतात. एक किलो चरबीत असतात सुमारे 7,700. म्हणजे अख्ख्या फेरीचा हिशेब सव्वाशे ग्रॅमच्या आसपास येतो, आणि परतल्यावर तुपातली साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेतली तर तोही पुसला जातो. फेरी श्रद्धेने करावी. इंचांसाठी मात्र कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान रोज गाठायला हवं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. उतरलेली चरबी जाते कुठे? घामातून, असं बहुतेक जण सांगतील. 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचं गणित छापून आलं: 10 किलो चरबी पूर्ण जळली, तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुफ्फुसांतून बाहेर पडते आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना लागलेली धाप म्हणजे बाहेर पडणारी चरबीच!

वजनकाट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर विश्वास ठेवा. सारख्या वजनाच्या स्नायूपेक्षा चरबी जास्त जागा व्यापते, म्हणून नेमाने व्यायाम करणाऱ्याचा काटा हलत नाही तरी सलवारीचा नाडा सैल होतो. उलट पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरले, तर हुरळू नका. शरीर एक ग्रॅम साखर साठवताना सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, आधी निघून जातं ते बरंचसं हेच पाणी. टेप लावायचा तो नाडा बांधतो तिथे नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधे, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडून. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 ही धोक्याची रेषा मानतात. आणि नुसत्या पोटाच्या व्यायामाने नुसतं पोट उतरत नाही. चरबी कुठून आधी काढायची, ते शरीर स्वतः ठरवतं.

मग ग्लूटेनचं काय? ते बघायचं तर मालेगाव-सटाण्याकडे मांडे करणाऱ्या बाईचे हात बघा. पुरण भरलेला उंडा कोपरापर्यंत झुलवत ती रुमालासारखा पातळ करते आणि उपड्या खापरावर अलगद टाकते. कणीक ताणली जाते, तुटत नाही, ही किमया गव्हातल्या ग्लूटेनची. ज्वारी-बाजरीत ते नाही, म्हणून भाकरीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं आणि भाकरी लाटण्यापेक्षा थापली जाते. अशा या गुणी प्रथिनाला चरबीचा खलनायक ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. गहू सोडून बारीक झालेल्यांच्या ताटातून खरं तर मिसळीसोबतचे चार पाव, खारी, टोस्ट, बिस्किटं आणि मैद्याचे नूडल्स गेलेले असतात. त्यांच्या जागी ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेली बिस्किटं आली, तर साखर आणि तूप तिथेच राहतात.

सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी हे पथ्य आयुष्यभराचं औषध आहे. त्यांनी हिंगाची डबी वाचावी, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळली, तर तिच्यातही गहू येतो. आपल्याकडे ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं, तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, इतकं हे काटेकोर! आणि शंका असेल तर रक्ततपासणी आधी, गहू बंद नंतर. आधीच गहू सोडला, तर तपासणीत आजार लपून राहू शकतो.

ज्यांना फक्त इंच कमी करायचेत, त्यांनी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांकडे वळावं. तिथे पिकते नागली, कोकणातली नाचणी. तिच्यात कॅल्शियम गव्हाच्या जवळपास दसपट, तंतूही भरपूर, त्यामुळे एक भाकरी बराच वेळ तग धरते. याच डोंगराळ पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावून कांस्यपदक आणलं. भगरीच्या गिरण्या तर थेट नाशकातच आहेत, आणि भगर काही फक्त एकादशीची नाही. भाताऐवजी रात्री वाढून बघा, सोबत आमटी आणि परतलेली मेथी.

थंडीतल्या रविवारी आम्ही पहाटे पांडवलेणी चढतो. दोनेकशे पायऱ्या, दोन हजार वर्षांची लेणी, खाली धुक्यातलं नाशिक. घरी परतल्यावर तव्यावर टम्म फुगलेली नागलीची भाकरी असते, सोबत शेंगदाण्याचा ठेचा आणि फोडलेला कांदा.