ग्रुप आहे म्हणजे वर्ग भरला असे नाही

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आता बेंबळीसारख्या गावांतही नवलाईचा राहिलेला नाही. गृहपाठाचा फोटो येतो, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि मुलांचे शिक्षण ऑनलाइन चालू आहे, असे घरोघरी धरले जाते. हा समज अपुरा आहे.

समाजमाध्यम (लोकांनी मजकूर, चित्रे, बोलणे एकमेकांत वाटून घेण्याचे व्यासपीठ) अध्यापनाचे साधन कधी ठरते? मुलाचे उत्तर शिक्षकापर्यंत परत येते आणि चूक कुठे झाली हे मुलाला कळते, तेव्हा. नुसता ग्रुप म्हणजे शाळेच्या दारातला सूचनाफलक. कोणी वाचले, कोणाला उमगले, याचा त्याला पत्ता नसतो.

फरक दिसतो तो राज्यात नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वाध्याय’ उपक्रमात. व्हॉट्सॲपवर चॅटबॉट (संदेशाला आपोआप उत्तर देणारी संगणकप्रणाली) दर आठवड्याला प्रश्न पाठवी, मूल उत्तर निवडी आणि बरोबर की चूक ते लगेच समजे. साधीच युक्ती, पण उत्तराला परतीची वाट होती. सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी इंटरनेटवरून परदेशातल्या वर्गांशी मुलांची गाठ घालून दिली. 2020 चे ग्लोबल टीचर प्राइझ त्यांनाच मिळाले.

खरी अडचण वयाची. व्हॉट्सॲपच्या नियमानुसार 13 वर्षांखालच्या मुलाला स्वतःचे स्वतंत्र खाते उघडता येत नाही, म्हणून प्राथमिक वर्गाचा ग्रुप मुळात पालकांचाच असतो. फोन वडिलांच्या खिशातून सोयाबीनच्या रानात गेला, की गृहपाठ उघडायला दिवेलागण होते. उत्तराची मुदत दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवणे आणि फोन नसलेल्या घरच्या मुलाची वही वर्गातच तपासणे, ही सोय शिक्षकाला आधीच करावी लागते.