चर्चच्या हॉलमधली शिकवणी आणि आपण

मागच्या रमजानमध्ये हिवरखेडच्या आमच्या घरी एका फोनवरून बरीच चर्चा झाली. लग्न होऊन अमेरिकेला गेलेली आमची भाची सांगत होती, "खाला, मी आठवड्यातून दोन दिवस इंग्रजी शिकायला जाते. चर्चच्या हॉलमध्ये." फोन ठेवताच दादींनी विचारले, "पोरीचं ईमान तर सलामत राहील ना?"

ही काळजी आम्ही हसण्यावारी नेली नाही. भाचीला सगळे नीट विचारले. शिकवणाऱ्या बहुतेक निवृत्त शिक्षिका, पैसे घेत नाहीत. वर्गात अफगाण, सोमाली, सीरियन स्त्रिया. डॉक्टरला दुखणे कसे सांगायचे, शाळेतून आलेली चिठ्ठी कशी वाचायची, भाडेकरारावर सही करण्यापूर्वी काय विचारायचे, हेच धडे. लहान मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळतात. प्रार्थनेला कोणाला बसवत नाहीत.

सगळीकडे असेच असते असे नाही. काही वर्गांत वाचनाचे पुस्तक म्हणून बायबलच असते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी पुस्तक कोणते, वर्गासोबत प्रार्थना असते का, हे विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नको.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेल्या लोकांचे हाल पाहून फादर पेद्रो अरुपे यांनी 1980 मध्ये 'जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस' स्थापन केली. या संस्थेने दिल्लीत अफगाण निर्वासितांसाठी इंग्रजीचे वर्ग चालवले. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. अशा वेळी दरी बोलणाऱ्या कुटुंबाला अर्ज भरणे, काम मिळवणे किती जड जात असेल!

आपला इतिहास आठवावा. मक्केत छळ सुरू झाला तेव्हा इ.स. 615 च्या सुमारास पहिले मुहाजिर हबशाला गेले. त्यांना आसरा देणारा राजा नजाशी ख्रिस्ती होता. सीरतच्या ग्रंथांत असेही येते, की बद्रच्या ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला काही नव्हते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरवून दिले. शिकवणारे तर तेव्हा वैरी होते. तरी इल्म घेतले गेले.

हे ऐकून दादी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते परक्याला शिकवतात. आपण कोणाला शिकवतो?"

उत्तर आमच्या दाराशीच होते. कापूस वेचणीला मेळघाटातून कोरकू कुटुंबे खाली उतरतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही. मुलांना दुकानातला हिशेब कळत नाही, दवाखान्यात आईला बोलता येत नाही. आणि आमच्या घरोघरी बारावी झालेल्या मुली संध्याकाळी मोकळ्या असतात.

यंदाच्या वेचणीपासून आमच्या ओसरीवर रोज तासभर मराठी आणि हिशेब शिकवायचे ठरले आहे. आईबापांना विचारूनच मुले घ्यायची. त्यांच्या देवाधर्माबद्दल एक शब्द काढायचा नाही. भाचीच्या वर्गाकडून जी अपेक्षा आम्ही केली, ती आधी आम्हालाच पाळावी लागेल.

वाचक भगिनींनो, तुमच्या गावातही असे कोणी नवे आले असेल. एकदा त्यांच्या झोपडीपर्यंत जाऊन या.