गिऱ्हाइकाचा खडा, सोनाराची जोखीम

कोल्हापुरात महालक्ष्मीच्या देवळाजवळ गुजरी ही सराफांची पेठ आहे. साज, ठुशी, चिंचपेटी, नथ असे दागिने तेथे विकत मिळतात, तसेच जुने मोडून नवेही घडवून मिळतात. सोने सराफाकडचे आणि खडा मात्र गिऱ्हाइकाचा, असाही व्यवहार होतो. कुणी आजीच्या साजातला पाचू मुलीच्या अंगठीत बसवायला आणतो, तर कुणी ज्योतिषाने सांगितला म्हणून परगावाहून घेतलेला पुष्कराज. वरवर पाहता काम सोपे दिसते. पण अनुभवी कारागीरही येथे बिचकतो. सोने बिघडले तर ते आटवून पुन्हा घडवता येते. तडकलेला खडा मात्र कोणत्याही मुशीत घालून सांधता येत नाही. शिवाय मजुरी थोडी आणि खड्याची किंमत तिच्या कित्येक पट.

खडा तडकला तर दोष कोणाचा? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी मुळात खडा तडकतो का, हे पाहू.

रत्ने कठीण असतात, मग ती फुटतील कशी, अशी शंका तुम्हांला येईल. येथे दोन गुणांची गल्लत होते. १८१२ साली फ्रीड्रिख मोस ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने खनिजांच्या कठिनतेची श्रेणी मांडली. तीत संगजिऱ्याला १, गारेला ७, कुरुविंदाला ९ आणि हिऱ्याला १० अंक आहे. (माणिक आणि नीलम ही दोन्ही कुरुविंदाचीच रूपे.) पण ही कठिनता म्हणजे केवळ ओरखड्याला होणारा विरोध. घाव सोसण्याचा गुण निराळा. त्याला आपण चिवटपणा म्हणू. हिऱ्यावर दुसऱ्या कशाचा ओरखडा उठत नाही, परंतु योग्य दिशेने टोला बसला तर तो सरळ दुभंगतो. स्फटिकातील अणूंच्या काही थरांमधले बंध तुलनेने दुबळे असतात व स्फटिक त्या पातळीवर फुटतो. ह्याला पाटन म्हणतात.

आता तो पुष्कराज घेऊ. पाठ्यपुस्तकातला पुष्कराज हे ८ कठिनतेचे खनिज असून त्याला एका दिशेने उत्तम पाटन असते. बाजारात मात्र पुष्कराज म्हणून बहुधा पिवळा नीलम, म्हणजे कुरुविंद, विकला जातो आणि त्याला असे पाटन नसते. नाव एक आणि खनिजे दोन! खडा बसवताना सोन्याचे बारीक काटे त्याच्यावर वाकवून दाबतात. समजा, काट्याच्या अर्ध्या चौरस मिलिमीटर टोकावर दोन किलोग्रॅम वजनाइतका जोर पडला, तर तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला ४०० किलोग्रॅम होतो. हा दाब पाटनाच्या दिशेने पडला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून हातात आलेला पुष्कराज कोणता, हे कारागिराला आधीच कळले पाहिजे. ते आर्किमिडीजच्या तत्त्वाने कळू शकते. ४ कॅरटचा, म्हणजे ८०० मिलिग्रॅमचा खडा पाण्यात तोलला असता कुरुविंदाचे वजन सुमारे २०० मिलिग्रॅमने घटते, तर खऱ्या पुष्कराजाचे सुमारे २२७ मिलिग्रॅमने. अर्थात त्यासाठी खडा सुटा हवा आणि तराजू चांगला हवा.

सर्वांत जास्त भांडणे ज्यावरून व्हावीत असे रत्न म्हणजे पाचू. त्याची कठिनता ७.५ ते ८, पण त्याच्या अंगात जन्मतःच बारीक भेगा असतात. निर्दोष पाचू फारच विरळा. ह्या भेगा दिसू नयेत म्हणून त्यांत तेल किंवा राळ भरण्याची चाल जुनी आहे. तेलाने भेग दिसेनाशी का होते? प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना काही अंशी परावर्तित होतो, आणि दोन्ही माध्यमांच्या प्रणमनांकांत जितका फरक अधिक, तितके हे परावर्तन अधिक. पाचूचा प्रणमनांक सुमारे १.५८, हवेचा १. हा फरक मोठा असल्यामुळे हवा असलेली भेग चमकते व डोळ्यांत भरते. देवदारजातीच्या लाकडापासून काढलेल्या तेलाचा प्रणमनांक सुमारे १.५१ आहे. ते भेगेत भरले की फरक अगदी थोडा उरतो आणि भेग जणू नाहीशी होते. हा प्रयोग तुम्हांला शाळेत करून पाहता येईल. प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काचेची नळी ग्लिसरीनमध्ये किंवा गोडेतेलात पूर्ण बुडवा. काच आणि द्रव ह्या दोहोंचा प्रणमनांक सुमारे १.४७ असल्याने नळीचा बुडालेला भाग दिसेनासा होतो.

आता हाच पाचू दागिन्यात असताना त्याला आच लागली, किंवा दागिने स्वच्छ करण्याच्या श्रवणातीत ध्वनिलहरींच्या यंत्रात तो टाकला, तर भेगांतील तेल निघून जाते आणि झाकलेल्या भेगा उघड्या पडतात. गिऱ्हाईक म्हणते, "काका, देताना खडा चांगला होता, तुमच्याकडेच फुटला." सोनार म्हणतो, "ताई, आम्ही त्याला धक्काही लावला नाही." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

माणकांतही असेच आहे. २००४च्या सुमारापासून भेगाळलेल्या हलक्या माणकांत शिसेयुक्त काच भरून ती बाजारात आणली गेली. अशा माणकाला डाखाची आच, टाकणखार किंवा सौम्य आम्लही सोसत नाही. लिंबाच्या रसानेसुद्धा त्यातील काच खराब होते. आणि सोनाराच्या कामात आच व आम्ल तर पदोपदी. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते. सांधा जोडायचा डाख त्याहून कमी तापमानाला वितळणारा असला तरी तो शेकडो अंश तापवावा लागतोच. नंतर काळवंडलेले सोने उजळण्यासाठी ते सौम्य गंधकाम्लात टाकतात. मोती व पोवळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाकल्यावर बुडबुडे येतात ना, तीच गत त्यांची आम्लात होते. ओपलमध्ये पाणी असते, त्यामुळे तो तापवल्यास तडकतो. आणि हिरा म्हणजे कार्बनच. उघड्या हवेत फार तापला तर त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होतो. म्हणून आधी सर्व सांधे पुरे करून खडा शेवटी बसवणे, हा धंद्यातला पहिला नियम. कुंदनकामात तर आच टाळण्याचीच सोय आहे. शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे खड्याभोवती नुसते दाबले की ते थंडच एकमेकांना चिकटतात. ही युक्ती ज्याने काढली त्याला धातूची नस बरोबर कळली होती!

परंतु अशा जुन्या दागिन्यांत खड्याची पाठ लाखेने वा पत्र्याने झाकलेली असते. मागे काय दडले आहे हे खडा काढेपर्यंत कळत नाही. म्हणून जाणता सराफ गिऱ्हाइकासमोरच दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून खडा पाहतो, भेगा व टवके त्यालाही दाखवतो, वजन, मापे व दोष पावतीवर लिहितो आणि छायाचित्र घेतो. हॉलमार्कवर विसंबून येथे भागत नाही. तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याविषयी काही सांगत नाही.

कायद्याच्या दृष्टीने असा खडा म्हणजे 'निक्षेप'. प्राचीन स्मृतिकारांच्या अठरा व्यवहारपदांतही निक्षेप आहे. आज ह्या बाबतीत १८७२चा भारतीय करार अधिनियम लागू होतो. त्याच्या १५१व्या कलमानुसार सामान्य शहाणपणाचा माणूस आपल्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी सोनाराने घेतली पाहिजे. तितकी घेऊनही खडा फुटला आणि वेगळा करार नसला, तर १५२व्या कलमानुसार तो जबाबदार नाही. मात्र काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार त्याच्यावरच असतो, आणि तेथे भिंगातून पाहून लिहिलेली ती पावती कामी येते. गिऱ्हाइकावरही बंधन आहे. ज्या दोषामुळे काम करणाऱ्याला अधिक धोका पोचेल असा दोष माहीत असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे, असे १५०वे कलम म्हणते. पाचूत तेल भरले आहे हे ठाऊक असून लपवणे ह्यात येऊ शकते.

ह्याच अधिनियमाच्या १७०व्या कलमाखाली दिलेले उदाहरण तर जवाहिऱ्याचेच आहे. 'अ' ने 'ब' ह्या जवाहिऱ्याकडे पैलू पाडून झिलई करण्यासाठी कच्चा हिरा दिला आणि काम पुरे झाले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा स्वतःजवळ ठेवून घेण्याचा 'ब' ला हक्क आहे.