एका खिशावरचा फुटबॉल

२००५ ते २०१३ या नऊ वर्षांत भारतीय फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद गोवा आणि मुंबई सोडून कुठेही गेले नाही. २००४-०५ ला राष्ट्रीय लीग धेंपोने जिंकली, पुढच्या वर्षी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने, त्यानंतर पुन्हा धेंपोने. २००७ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि तिची पहिली सहाच्या सहा विजेतेपदे गोव्यात गेली. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन बलाढ्य क्लब या सगळ्या काळात मैदानात होते, पण चषक काही त्यांच्या हाती लागत नव्हता.

२०१६ चा शेवट आला तेव्हा या चार विजेत्यांची अवस्था काय होती? महिंद्रा युनायटेड बंद होऊन सहा वर्षे झाली होती. धेंपो आणि साळगावकर राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले होते. परवान्याचे निकष पुरे न केल्यामुळे बाहेर काढले गेलेले चर्चिल ब्रदर्स दोन हंगाम घरी बसून परतण्याच्या तयारीत होते. चांगला खेळणारा, जिंकणारा क्लब टिकतो, असे आपण गृहीत धरतो. आपल्याकडे तसे झाले नाही. का झाले नाही, हे समजून घ्यायचे तर मैदानातल्या खेळापेक्षा पैशाची वाट तपासावी लागते.

मुंबईचा फुटबॉल आधी कंपन्यांच्या जिवावर चालत असे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, आरसीएफ यांचे संघ कूपरेज मैदानावर खेळत. खेळाडू हा कंपनीचा नोकरदार असे. सकाळी सराव, मग कार्यालयात हजेरी, महिन्याच्या शेवटी पगार आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी. गुडघा गेला, पाय मोडला, तरी चूल बंद होत नसे. संघाचा खर्च कल्याण निधीतून किंवा जाहिरातीच्या तरतुदीतून निघे आणि त्यातून उत्पन्न मिळावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. या व्यवस्थेत फुटबॉल फार वर गेला असे मी म्हणणार नाही. पण कापड गिरणीतल्या किंवा रेल्वे कॉलनीतल्या पोराला चेंडूच्या जोरावर कायमची नोकरी मिळण्याची ती एक खात्रीची वाट होती. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना आय-लीगमधून वगळण्यात आले. आशियाई महासंघाच्या परवान्यासाठी क्लब ही स्वतंत्र, व्यावसायिक संस्था असावी लागते आणि सरकारी कंपनीचा एक विभाग त्या चौकटीत बसत नव्हता. ती वाट राष्ट्रीय पातळीवर तिथेच संपली. तिच्या जागी व्यावसायिक क्लब आले, म्हणजे करार आले. करार संपला की पगार संपला.

महिंद्रा युनायटेडची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात बोलकी वाटते, कारण तिथे पैशाची चणचण नव्हती. १९६२ पासून कंपनीचा संघ होता. राष्ट्रीय लीगच्या काळात त्याचा रीतसर व्यावसायिक क्लब झाला आणि डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मार्च २०१० मध्ये समूहाने जाहीर केले की हंगाम संपला की क्लब बंद होणार, यापुढचा पैसा शालेय फुटबॉलसाठी वापरला जाणार. शालेय फुटबॉल वाईट आहे असे कोण म्हणेल? पण शाळेत चमकलेल्या मुंबईच्या मुलाने पुढे जायचे कुठे, या प्रश्नाचे शहरातले एक मोठे उत्तर त्या दिवशी पुसले गेले. कंपनी सुस्थितीत, क्लबही चांगला खेळणारा, आणि तरी एका निर्णयात सगळे संपले. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, फगवाड्याच्या जेसीटीनेही संघ गुंडाळला. १९९६-९७ ची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा संघ तो.

जगात कुठेही क्लबचा पैसा साधारण पाच ठिकाणांहून येतो. सामन्याची तिकिटे, दूरचित्रवाणीच्या हक्कांतला वाटा, प्रायोजक, खेळाडूंची विक्री आणि मालकाचा खिसा. आपल्या क्लबांना यातले पहिले जेमतेम मिळत होते. मैदान सरकारचे किंवा संघटनेचे, त्यामुळे खानपान, जाहिरातफलक, इतर कार्यक्रम यांचे उत्पन्न क्लबच्या हाती नाही. कूपरेजच्या दुरुस्तीच्या काळात तर आय-लीगमध्ये खेळणाऱ्या मुंबई एफसीला आपले ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. अंधेरीच्या किंवा दादरच्या प्रेक्षकाने संध्याकाळच्या सामन्यासाठी द्रुतगती मार्गाने दीडशे किलोमीटर जावे आणि रात्री परत यावे, अशी ती व्यवस्था. तिकिटांचा हिशेब अशा हंगामात काय होणार, हे सांगायला नको. टीव्हीच्या हक्कांचे तर विचारूच नका. झी स्पोर्ट्सशी झालेला दहा वर्षांचा करार २०१० मध्ये अर्ध्यावर मोडला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. पैसा महासंघाकडे येऊ लागला, पण आय-लीगच्या क्लबांना त्यातून टिकून राहण्याजोगा वाटा मिळाला नाही. प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री यांवरही भागत नव्हते. उरला शेवटचा पर्याय, मालकाचा खिसा. आमचे क्लब या एकाच खिशावर जगत होते.

पुण्याइतका याचा अनुभव दुसऱ्या कोणत्या शहराने घेतला नसेल. पुणे एफसी २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने उभा केला. द्वितीय श्रेणीतून वर येऊन २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात संघ तिसरा आला. महिंद्राला विजेते करणारे डेरिक परेरा आता इथे प्रशिक्षक होते. २०१२-१३ ला संघ उपविजेता ठरला, २०१४ मध्ये एएफसी चषकात खेळला. मला त्याहून मोलाची वाटते ती मामुर्डीची अकादमी. देशभरातून निवडलेली मुले तिथे राहत, शाळा-कॉलेज सांभाळून दोन वेळा सराव करत. त्या अकादमीच्या संघांनी वयोगटातली राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि मलप्पुरमचा आशिक कुरुनियान त्यातूनच पुढे भारतीय संघात गेला. इतके सगळे नीट चाललेला हा क्लब २०१४-१५ च्या हंगामानंतर आय-लीगमधून उठला. अकादमी पुढच्या वर्षी एफसी पुणे सिटीने घेतली, हे त्यातल्या त्यात नशीब.

त्या २०१४-१५ च्या हंगामात बालेवाडीच्या एकाच मैदानावर पुण्याचे तीन क्लब खेळत होते. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि कल्याणी समूहाचा नवाकोरा भारत एफसी, तर नव्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. भारत एफसी एकच हंगाम खेळला, तळाला राहिला आणि बंद झाला. त्याच्या जागी आले डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा १९८७ पासूनचा पुण्याचा स्थानिक क्लब, त्याला डीएसके समूहाने हात दिला. लोणी काळभोरला इंग्लंडच्या लिव्हरपूलच्या नावाने अकादमी काढली. दोन हंगामांत समूहाचाच डोलारा कोसळू लागला. २०१७ मध्ये क्लब लीगमधून बाहेर पडला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ठेवीदारांचे पैसे बुडवल्याच्या आरोपावरून समूहाच्या प्रमुखांना अटक झाली. पैसे अडकलेल्या ठेवीदारांचे हाल मोठे, त्यापुढे फुटबॉलची काय कथा. तरीही त्या अकादमीतली मुले आणि त्यांचे आईबाप यांचीही यात फरपट झाली, याची नोंद कुठेतरी राहायला हवी.

एफसी पुणे सिटीकडे सुपर लीगचा झगमगाट होता. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला दाविद त्रेझेगे पहिल्या हंगामात बालेवाडीत खेळला. वाधवान समूह मालक, हृतिक रोशन सहमालक. सुपर लीगची रचना अशी होती की क्लबने दरवर्षी कोट्यवधींचे फ्रँचायझी शुल्क भरायचे, वर परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेले. केंद्रीय उत्पन्नातून जे परत मिळे त्यातून हा खर्च भरून निघत नसे. २०१७-१८ ला संघ चांगला खेळला, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. दीड वर्षात सारे आटोपले. वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएल या वित्त कंपनीवर संकट आले, २०१९ च्या उन्हाळ्यानंतर क्लब बंद पडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेले. चार क्लब पाहिलेल्या शहरात वरच्या दर्जाचा एकही क्लब उरला नाही.

पुण्याची सुपर लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवले. दुसऱ्याच वर्षी त्यांची तिजोरी रिकामी झाली. पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली, परदेशी खेळाडू निघून गेले. २०२३-२४ च्या अख्ख्या हंगामात संघाला एकच सामना जिंकता आला. क्लब पुन्हा विकला गेला आणि २०२५ मध्ये दिल्लीला हलला. सहा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली.

गोव्याची कथा वेगळी आहे, आणि तिला निव्वळ पैशाची कथा म्हणणे चुकीचे ठरेल. धेंपो आणि साळगावकर या घराण्यांचा पैसा खाणींतून आला. लोहखनिजाच्या बार्ज मांडवी-जुवारीतून जात होत्या तोवर क्लबांनाही ददात नव्हती. २००९ मध्ये धेंपोंनी आपला खाण व्यवसाय १,७५० कोटींना सेसा गोवाला विकला. २०१२ मध्ये खाणबंदी आली आणि राज्याचे सगळे अर्थकारणच आखडले. तरी धेंपो आणि साळगावकर २०१६ मध्ये बाहेर पडले ते मुख्यतः निषेध म्हणून. महासंघाने जो आराखडा मांडला त्यात सुपर लीग वर जाणार होती आणि आय-लीग खाली, आणि खालून वर चढायची शिडीच त्यात नव्हती. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोला सांगितले जात होते की कितीही जिंका, वरचे दार पैसे भरूनच उघडेल. स्पोर्टिंग क्लब द गोवाही त्यांच्यासोबत बाहेर पडला. मला त्यांचा राग रास्त वाटतो. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली ज्या संघाने गोमंतकीय पोरांना घेऊन देश जिंकला, त्याला ही वागणूक मिळायला नको होती.

या रिकाम्या जागांमुळे एक विलक्षण गोष्ट घडली. आधीच्या हंगामात घसरलेल्या मिझोरमच्या ऐझॉल एफसीला लीगमध्ये पुन्हा घेण्यात आले. मुंबई एफसीने ज्यांना सोडले होते ते खालिद जमील त्यांचे प्रशिक्षक झाले आणि तुटपुंज्या खर्चात ऐझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि बंद झाला.

गोव्यात आता सुपर लीगमध्ये एफसी गोवा आहे. सुरुवातीच्या मालकांत धेंपो, साळगावकर आणि व्हिडिओकॉन होते. खाणमालक बाजूला झाले, व्हिडिओकॉन दिवाळखोरीत गेली आणि सूत्रे आली कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पच्या जयदेव मोदींकडे. क्लब उत्तम चालला आहे, पण आधार बदलला तरी तो एकच आहे.

सुपर लीगमधल्या मुंबई सिटीला मात्र जगातल्या सर्वात सधन आधारांपैकी एक मिळाला होता. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ ला संघाने लीग आणि चषक दोन्ही जिंकले, २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मग डिसेंबर २०२५ मध्ये तो पंधरा वर्षांचा ७०० कोटींचा करार संपला. नूतनीकरण झालेच नाही. जुलैपासूनच लीग अधांतरी होती, बेंगळुरू एफसीने ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार थांबवले, व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. डिसेंबर सरता सरता सिटी समूहानेही मुंबईतून अंग काढून घेतले. जानेवारीत सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू यांच्यासारख्या खेळाडूंनी फिफाला हाक दिली आणि त्यानंतर फेब्रुवारीच्या १४ तारखेपासून तोकडा हंगाम खेळवण्याचे क्रीडामंत्र्यांनी जाहीर केले.

बाहेरही क्लब बुडतात. इंग्लंडचा बरी एफसी १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए चषक जिंकलेला. देणी थकल्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला लीगमधून हाकलले. पण त्या गावात गिग लेन नावाचे मैदान होते आणि क्लबला आपला मानणारे संघटित समर्थक होते. त्यांनी २०२२ मध्ये मैदान परत मिळवले आणि पुढच्या वर्षी तिथे पुन्हा सामने सुरू झाले. पुणे एफसी बंद झाला तेव्हा पुणेकरांच्या हातात धरून ठेवण्यासारखे काहीच नव्हते. मैदान राज्य सरकारचे, नाव आणि बोधचिन्ह समूहाचे, आणि सभासदत्व ही गोष्ट क्लबात कधी नव्हतीच.

धेंपोने राष्ट्रीय लीग सोडली तरी अकादमी आणि गोव्याच्या लीगमधला संघ चालू ठेवला होता. म्हणूनच २०२४ मध्ये द्वितीय श्रेणीतून रीतसर वर चढून तो आय-लीगमध्ये परतला. गोव्यात असा क्लब अजून आहे. पुण्या-मुंबईत पुन्हा कोणी क्लब काढेल, आज ना उद्या काढेलच, कारण मुले आहेत आणि बालेवाडीचे मैदानही आहे. तेव्हा हंगामाचे तिकीट जरूर घ्या, पण घेण्याआधी त्या मालकांना तीन गोष्टी विचारा. तुमचा धंदा अडला तर खेळाडूंच्या किमान एका वर्षाच्या पगाराची रक्कम कुठे ठेवली आहे? अकादमी क्लबपासून वेगळ्या विश्वस्त संस्थेत आहे का? आणि शहरातल्या माणसाला सभासद होऊन कारभारात मत देता येईल का? उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत विचारत राहा.