मांडीवरचे मूल आणि मोटारीतील खुर्ची

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ नागपूर सोडल्यावर केळापूर तालुक्यातून, पांढरकवड्याजवळून, पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरतो. या रस्त्यावरील भरधाव मोटारींत तान्ही मुले बहुधा आईच्या मांडीवर असतात. मांडी हीच मुलाची सर्वांत सुरक्षित जागा, हा समज मायेपोटी रुजलेला असला, तरी गतीच्या नियमांपुढे तो टिकत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोचा भार पेलण्याइतका जोर लागतो, आणि तो कोणाच्याच हातांत नसतो.

अमेरिकेत १९३०च्या दशकात मुलांसाठी मोटारीतील खुर्च्या मिळत होत्या. मात्र मुलाला उंच बसवून बाहेरचे दाखवणे व चालकाला त्याचा त्रास होऊ न देणे, एवढाच त्यांचा उद्देश होता. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये खांदा व कंबर दोन्ही अडवणारा तीनबिंदू पट्टा आणला, परंतु तो प्रौढांच्या मापाचा होता. मुलाच्या कमरेची हाडे पुरेशी वाढलेली नसल्याने तो पोटावर सरकतो आणि वरचा भाग मानेला काचतो. खरे वळण दिले ते स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी. जेमिनी यानातील अंतराळवीर प्रक्षेपणाचा दाब पाठीवर झेलतात, हे पाहून त्यांनी मुलाची खुर्ची मागे तोंड करून बसवण्याची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये तिच्या नमुन्याची चाचणी झाली. अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने फार जड व मान कोवळी असते. समोरून धडक बसल्यास अशा खुर्चीत डोके, मान व पाठ एकत्र टेकलेली राहतात आणि आघात पसरून विरतो. या शोधाचे मोल पट्ट्याहून तसूभरही कमी नाही.

भारतात नागपूरचे नितीन गडकरी केंद्रीय परिवहन मंत्री असताना मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९४-ब आले, आणि १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा आसनाविना नेणाऱ्याला १,००० रुपये दंड ठरला. एअरबॅग, म्हणजे धडकेच्या क्षणी फुगणारी पिशवी, पुढच्या प्रवाशासाठीही २०२१पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. प्रौढाला वाचवणारी हीच पिशवी पुढच्या आसनावर मांडीत घेतलेल्या वा मागे तोंड करून बसवलेल्या अर्भकाच्या जिवावर उठू शकते, म्हणून त्याची जागा मागच्याच आसनावर.

तथापि खेड्यापाड्यांतील बहुसंख्य लेकरे मोटारीतून जातच नाहीत. दुचाकीवरील चार वर्षांखालील मुलांसाठी २०२२च्या नियमाने चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घातली. काळी-पिवळी या भाड्याच्या जीपगाडीतील आडव्या बाकावर मात्र खुर्ची बांधायला पट्टाच नसतो. दंडाची पावती फाडण्याआधी त्या बाकांचे काय करायचे, हे परिवहन विभागाने ठरवायला हवे.