गाडीच्या पोटात (भाग ९) : मारुती ८००ला एस्टीमचं इंजिन

परभणी-वसमत रस्त्यावर हट्ट्यात अजूनही जुन्या मारुती ८०० दिसतात, आणि त्यांतल्या अनेकींची पाटी एमएच-२२ अशी असते. हट्टा आता ज्यात येतं तो हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ला. एमएच-३८ ही पाटी त्यानंतरची. आपल्याकडच्या कोरड्या हवेत या गाड्यांचा पत्रा टिकून राहतो. इंजिन मात्र धूर मारायला लागतं, ऑइल प्यायला लागतं, चढावर दम सोडतं. मग गॅरेजच्या बाकड्यावर विषय निघतोच : भंगारात एस्टीम पडली आहे, तिचं इंजिन चढवू. गाडी हलकी आहे, पळेल नुसती.

बसतं का? बसतं. पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांनी बसवलेलंही आहे. पण मला या भागात सांगायचंय ते असं, की इंजिन बसवणं हा या कामाचा लहान भाग आहे. वाढलेली ताकद पुढे ज्या-ज्या भागांतून जाते ते सगळे भाग बदलायची तयारी नसेल, तर इंजिनालाही हात लावू नये.

आधी आकडे बघू. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या ८००चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कार्ब्युरेटरच्या गाडीत ताकद ४० बीएचपीच्या आत. गाडीचं वजन साधारण ६५० किलो. एस्टीम १९९४ची : १२९८ सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवर ६५ बीएचपी, आणि १९९९पासून एमपीएफआयवर, म्हणजे पेट्रोलच्या इंजेक्शनवर, ८५. म्हणजे तेवढ्याच डब्याला दुपटीहून जास्त जोर. झेन आणि एस्टीम यांची इंजिनं सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातली, म्हणून झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवणं त्या मानाने सोपं जातं. ८००चं इंजिन ‘एफ’ घराण्यातलं. तिथे माउंटिंग जुळत नाही, गिअरबॉक्स जुळत नाही, शाफ्ट जुळत नाहीत.

हाच बदल कंपनीने स्वतः केला तेव्हा कसा केला, हे बघण्यासारखं आहे. ताडोब्याला गेलेल्यांनी जिप्सीतून जंगल पाहिलं असेल. ही गाडी १९८५मध्ये आली तेव्हा तिला ९७० सीसीचं, ४५ बीएचपीचं इंजिन होतं. १९९३मध्ये इंजिन तेच ठेवून डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे ९ सेंटिमीटरने वाढवलं. १९९६ला ‘जिप्सी किंग’ आली, तिच्यात एस्टीमच्याच घराण्यातलं १.३ लिटरचं इंजिन, ६० बीएचपी, आणि सोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स. २०००मध्ये एमपीएफआय बसवून ताकद ८०वर नेली, तेव्हा ब्रेकला बूस्टरही दिला. ज्यांच्याकडे कारखाना होता, इंजिनिअर होते, चाचणीचे रस्ते होते, त्यांनीही हा प्रवास पायरी-पायरीने केला. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५च्या सुमारास ११८ एनई काढली : सांगाडा साठच्या दशकातल्या फियाट १२४चा, इंजिन निसानचं ११७१ सीसीचं. पण निसानकडून नुसतं इंजिन उचललं नाही, गिअरबॉक्सही त्यांचाच घेतला.

आता आपल्या गॅरेजकडे येऊ. चेन पुलीने ८००चं इंजिन वर काढलं की खाली राहते ती जागा तीन सिलिंडरांच्या मापाची. एस्टीमचं इंजिन लांब आणि जड. ते आडवं बसवायचं तर माउंटिंगचे ब्रॅकेट नव्याने बनवून चेसिसच्या पत्र्यावर वेल्ड करावे लागतात. तो पत्रा पंचवीस वर्षांचा असतो आणि नवा धक्का सोसायला तो कधी बनवलाच नव्हता. काही महिन्यांत वेल्डच्या कडेने तडा जातो. पुढची स्प्रिंग बसते, गाडीचं नाक खाली येतं, वळणावर गाडी सरळच ओढत राहते.

शाफ्टचं प्रकरण याहून गंभीर. गिअरबॉक्स एस्टीमचा, चाकाचा हब ८००चा, मग दोन्हींना जोडणारा ड्राइव्ह शाफ्ट आणायचा कुठून? अनेक ठिकाणी दोन शाफ्ट मधोमध कापून, लेथवर सरळ करून, जोडून वेल्ड मारतात. शाफ्टचं पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, थंड करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने तो कडकपणा जोडाशेजारी नाहीसा होतो. हा शाफ्ट हळू चालवताना तुटत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोरात क्लच सोडला की तुटतो, किंवा ओव्हरटेक करताना ऐन वेळी. खरा मार्ग म्हणजे हब, नकल, डिस्क सगळंच एस्टीमचं आणायचं. मग १२ इंची चाकं जाऊन १३ इंची येतात, आणि खर्च इंजिनाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो.

रात्रीच्या परभणी-वसमत रस्त्यासाठी मला सगळ्यांत जास्त काळजी ब्रेकची वाटते. गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ८०ऐवजी ११०ने जाणारी तीच गाडी थांबवायची तर ब्रेकवरचा भार नुसता दीडपट नाही, जवळजवळ दुप्पट होतो. इंजिनाचं वाढीव वजन आणखी वेगळं. ८००चे ब्रेक १२ इंची चाकात मावतील एवढेच आहेत. गाळप हंगामात वसमतच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. कित्येकींना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरची पट्टी उसाखाली झाकलेली असते. हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा हातात फक्त ब्रेक असतो. वाढवलेला पिकअप तिथे कामाचा नाही.

उष्णतेचंही तसंच. पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा रेडिएटरमार्फत बाहेर टाकावा लागतो. ताकद वाढली की तो हिस्साही वाढतो. ८००चा रेडिएटर मराठवाड्यातल्या मे महिन्यात, ४२ अंशांत, १.३ लिटरचं इंजिन थंड ठेवू शकत नाही. हेड गॅस्केट जातं, आणि दोष मात्र ‘सेकंडहँड इंजिना’ला दिला जातो.

एमपीएफआयचं इंजिन कार्ब्युरेटरच्या गाडीत घालणाऱ्यांनी पेट्रोलची लाइन नीट बघावी. जुना पंप पाव बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्शनला लागतो तो सुमारे दहापट. जुन्या मऊ रबरी नळीला आणि साध्या क्लिपला हा दाब झेपत नाही. नळी सुटली की पेट्रोलचा फवारा थेट गरम मॅनिफोल्डवर. टाकीतला पंप, उच्च दाबाची नळी, परतीची लाइन, ईसीयू आणि त्याचं अखंड वायरिंग हे सगळं एकाच गाडीतून उतरवलेलं हवं. म्हणून जे जाणकार हे काम करतात ते इंजिन विकत घेत नाहीत, अख्खी अपघाती गाडी विकत घेतात.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनाची क्षमता हा तसाच तपशील. सीएनजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवायची सवलत आहे, मोठ्या इंजिनासाठी नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई शेवटी मालकाच्या शेतीवर, घरावर येऊ शकते. जोरदार ८०० बनवायची खरंच हौस असेल तर तिची जागा रेसिंग ट्रॅकवर आहे. तिथे गाडीत रोलकेज असतो आणि उतरण्याआधी तपासणी होते.

मग धूर मारणाऱ्या ८००चं काय करायचं? बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंग घाला, हेडचं काम करा, व्हॉल्व्ह बसवून घ्या. ब्लॉकच गेला असेल तर ८००चंच, त्याच प्रकारचं इंजिन घ्या. मात्र ते कुठल्या गाडीचं, त्याचं बिल आणि मूळ आरसीची प्रत मागून घ्या, आधी आरटीओत जा आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. बिल नसलेलं स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचं निघू शकतं.

जुनी ८०० विकत घेणाऱ्यांनी बॉनेट उघडून प्लगकडे जाणाऱ्या वायर मोजाव्यात. तीन असतील तर इंजिन ८००च्या मापाचं आहे. मग ब्लॉकवरचा नंबर कपड्याने पुसून आरसीशी ताडून बघा. चार असतील तर व्यवहार तिथेच थांबवा.