एडीएचडी आणि रोजची कामं

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवायचेत, फवारणी अर्धी राहिलीय, ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायचाय. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारी स्थिती, असलेल्या प्रौढाला ही कामं समजत नाहीत असं नाही. सुरुवात कुठून करायची आणि हाती घेतलेलं तडीस कसं न्यायचं, तिथं घोडं अडतं. त्याला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीच सुरू झालेली असतात.

बॉस्टनमधल्या ८६ प्रौढांवरची एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. औषधं चालू असलेल्या या लोकांपैकी ज्यांना वर्तनोपचाराची सत्रं मिळाली, त्यांची लक्षणं शिथिलीकरण शिकलेल्यांपेक्षा जास्त कमी झाली. कामांची यादी, दिनदर्शिका आणि मोठ्या कामाचे तुकडे पाडणं, हा त्या सत्रांचा गाभा.

म्हणून वहीत नुसतं ‘फवारणी’ लिहू नये. ‘टाकी भरणे, औषध मोजणे, पहिल्या चार सऱ्या’ असं लिहावं. मोटार सुरू करतानाच ती बंद करायचा गजर मोबाइलवर लावावा. सोबतीला कुणी असलं की अनेकांचा कामाला हात लागतो. एकमेकांच्या शेतात मदतीला जायची सावड जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला काही नवी नाही.

निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.